हेमकुंडाची वाट

सहा किलोमीटर म्हणजे किती? आपल्याला विचाराल, तर काहीच नाही. बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन आपण तेवढे चालतो. आषाढीला पंढरीच्या वाटेवर तर दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालणे होते. मग कोणी सांगितले, की हिमालयात एक सुंदर तळे आहे, आणि ते मुक्कामाच्या गावापासून फक्त सहा किलोमीटरवर आहे, तर आपण काय म्हणू? "हात्तिच्या! एवढंच ना? न्याहारी करून निघू नि जेवायला परत येऊ!"

पण जरा थांबा. ही वाट लांबीने लहान आहे. उंचीने मात्र फार मोठी आहे. पुष्कळ माणसे या वाटेने जातात. बहुतेक सुखरूप परत येतात. पण काही जण वाटेतच आजारी पडतात. एखादा जिवालाही मुकतो. यात वाटेचा दोष नाही. अशा वाटेने चालायची एक रीत असते. ती ठाऊक नसली, की घात होतो. ती रीत आज आपण समजून घेऊ.

तळे कोठे आहे?

या तळ्याचे नाव हेमकुंड. ते उत्तराखंड राज्यात, चमोली जिल्ह्यात आहे. आपल्याकडची पुष्कळ माणसे बदरीनाथला जातात. ऋषिकेशहून बदरीनाथकडे जाताना ज्योतिर्मठ लागते. त्याला पूर्वी जोशीमठ म्हणत. तेथून पुढे गोविंदघाट नावाचे ठिकाण आहे. तेथे बदरीनाथचा रस्ता सोडायचा आणि बाजूच्या खोऱ्यात शिरायचे.

गोविंदघाटापासून पुलना गावापर्यंत मोटार जाते. पुढे पायवाट. नदीच्या काठाकाठाने सुमारे दहा किलोमीटर चढत गेले, की घांघरिया येते. हे मुक्कामाचे गाव. येथे धर्मशाळा आहेत, गुरुद्वारा आहे, चहाची दुकाने आहेत. दुसऱ्या दिवशी पहाटे येथून निघायचे आणि तळ्यावर जाऊन संध्याकाळच्या आत परत यायचे. आपण म्हणतो ती सहा किलोमीटरची वाट हीच.

नांदेडशी नाते

हे तळे आपल्यापासून फार दूर आहे. पण त्याचे आपल्या महाराष्ट्राशी एक नाते आहे. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली नांदेड येथे देह ठेवला. तेथला मोठा गुरुद्वारा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. गुरू गोविंदसिंगांनी मागच्या जन्मी सात शिखरांच्या मध्ये, हेमकुंडापाशी तप केले, असे 'बचित्तर नाटक' या रचनेत सांगितले आहे. ती जागा शोधत शिखांपैकी काही भाविक १९३० च्या दशकात या तळ्यापाशी पोचले. आज तेथे पाच कोनांचा गुरुद्वारा उभा आहे.

आसपासच्या खेड्यांतले लोक त्याच्या आधीपासून या तळ्याला पवित्र मानत आले. ते त्याला लोकपाल म्हणतात. काठावर लक्ष्मणाचे देऊळ आहे. म्हणजे एकाच तळ्याच्या काठी दोन धर्मांचे भाविक हात जोडतात. लंगरात जेवायला बसताना कोणी कोणाची जात विचारत नाही.

हे तळे कोणी खणले?

आपल्याकडे तळे म्हटले, की माणसाने बांधलेला पाझर तलाव डोळ्यांपुढे येतो. उंच पर्वतांतली तळी कोणी बांधलेली नाहीत. ती बर्फाने घडवली आहेत. कशी, ते पाहू.

फार पूर्वी या डोंगरांवर आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त बर्फ होते. बर्फाचे थरावर थर साचले. खालचे थर दाबून दगडासारखे घट्ट झाले. असे जाड बर्फ उतारावरून फार सावकाश खाली सरकते. त्याला हिमनदी म्हणतात. सरकताना ती पोटाखाली दगडगोटे घेते आणि जमीन खरवडून काढते. नांगर जमीन उकरतो, तसेच हे. जेथे खडक ठिसूळ असेल, तेथे मोठा खड्डा पडतो. खरवडलेली माती आणि दगड पुढच्या तोंडाशी साचतात. त्यांचा बांध तयार होतो. पुढे हवा उबदार झाली. बर्फ वितळून मागे हटले. खड्डा राहिला, बांधही राहिला. त्यात बर्फाचे पाणी भरले आणि तळे झाले. हिमालयातली कितीतरी तळी अशीच झाली आहेत.

वाट कशी आहे?

घांघरिया समुद्रापासून सुमारे दहा हजार फूट उंच आहे. हेमकुंड सुमारे चौदा हजार फूट उंच आहे. म्हणजे सहा किलोमीटरात चार हजार फूट चढायचे. आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची ५४०० फूट. म्हणजे घांघरियालाच आपण कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर झोपलेले असतो. आणि त्यानंतरचा चढ पुढे उभाच असतो.

वाट दगडांनी बांधलेली आहे. ती वळणे घेत घेत वर जाते. सुरुवातीला झाडी लागते. वर जावे तशी झाडे खुजी होतात. शेवटी शेवटी भूर्जाची झाडे दिसतात. त्यांची साल कागदासारखी पातळ सुटते. कागद नव्हता तेव्हा याच सालीवर पोथ्या लिहीत. तिलाच भूर्जपत्र म्हणतात. भूर्जाच्या वर मात्र झाड नाही. थंडी आणि वारा झाडाला सोसत नाही. तेथे नुसते गवत, खडक आणि फुले. पावसाळ्यात ब्रह्मकमळे फुलतात. ती पाहावीत, तोडू नयेत.

मे-जूनमध्ये वाटेवर बर्फ असते. अटलाकोटी नावाच्या जागी तर बर्फ कापून वाट काढावी लागते. यात्रा सुरू होण्याआधी आपल्या सैन्याचे जवान ते काम करतात. शेवटच्या टप्प्यात एक फाटा हजारावर पायऱ्यांचा आहे. तो जवळचा, पण फार उभा. दम लागत असेल, तर लांबची वळणाची वाटच बरी.

तेथे दम का लागतो?

आता मुख्य गोष्ट ऐका. तेथे नुसते पाय थकत नाहीत. तेथे हवाच विरळ असते.

हवा दिसत नाही, पण तिला वजन असते. एका खोलीत छतापर्यंत कापूस भरला आहे, असे समजा. तळाचा कापूस वरच्या भाराने दाबला जातो. तो घट्ट होतो. वरचा कापूस मोकळा राहतो. तळाचा मूठभर घेतला तर पुष्कळ येतो. वरचा मूठभर घेतला तर थोडाच येतो. हवेचेही तसेच आहे. समुद्राकाठची हवा तळाच्या कापसासारखी दाट. डोंगरावरची हवा वरच्या कापसासारखी विरळ.

श्वास म्हणजे हवेची मूठच. समुद्राकाठी एका श्वासात रुपयाभर प्राणवायू मिळतो, असे धरू. मग कळसूबाईवर सुमारे ब्याऐंशी पैसे मिळतील. घांघरियाला सुमारे सत्तर पैसे. हेमकुंडावर सुमारे साठ पैसे. खर्च मात्र वाढलेला, कारण आपण चढत असतो. मिळकत कमी आणि खर्च जास्त. असा संसार किती दिवस चालेल?

विरळ हवेची आणखी एक खूण आहे. अशा उंचीवर पाणी लवकर उकळते, पण ते पुरेसे तापलेले नसते. आपल्याकडे पाणी सुमारे शंभर अंशांवर उकळते. तेथे ते शहाऐंशी अंशांच्या आसपासच उकळू लागते. म्हणून साध्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकर लावावा लागतो.

थंडीही वाढते. दर हजार फूट चढले, की हवा साधारण दोन अंशांनी थंड होते. वर ऊन डोळे दिपवते, आणि घटकाभरात ढग येऊन पाऊस किंवा बर्फ पडू लागते.

शरीराला वेळ द्या

आपले शरीर मोठे शहाणे आहे. प्राणवायू कमी पडला, की ते श्वास वाढवते. हृदय जोरात चालवते. काही दिवसांनी रक्तही त्या हवेला सरावते. पण त्याला वेळ लागतो. नव्या खोंडाला कोणी पहिल्याच दिवशी दिवसभर नांगराला जुंपत नाही. आधी थोडे, मग थोडे जास्त, असे करतो. शरीराचेही तसेच आहे.

म्हणून पहिला नियम असा, की घाई करू नये. ज्योतिर्मठाला किंवा गोविंदघाटला एक रात्र राहावे. घांघरियालाही जमल्यास दोन रात्री काढाव्यात. मग तळ्याला जावे. पाणी पुष्कळ प्यावे. थोडे थोडे खावे. बिडी, तंबाखू, दारू या दिवसांत तरी दूर ठेवावी. हृदयाचा, दम्याचा किंवा रक्तदाबाचा आजार असेल, तर घरून निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे. गरोदर बाईनेही विचारल्याशिवाय जाऊ नये.

कोणी म्हणेल, "आम्ही रानात राबणारी माणसं. आम्हाला काय होतंय?" पण हा आजार धट्टाकट्टा आणि किडमिडा असा भेद करत नाही. उलट तरुण पोरे ताकदीच्या जोरावर धावत वर जातात आणि तीच आधी आडवी होतात. सावकाश चालणारी म्हातारी पोचते. बोलत बोलत चालता येईल, एवढ्याच वेगाने चालावे. बोलता येईनासे झाले, की वेग जास्त झाला असे समजावे.

कोणी घोड्यावरून जातात. त्याने पायांचे कष्ट वाचतात. पण घोड्यावर बसले म्हणून हवा दाट होत नाही. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने गोविंदघाट ते हेमकुंड असा रज्जुमार्ग बांधायला मंजुरी दिली. तारेला टांगलेल्या पाळण्यातून माणसे वर जातील. तेव्हाही हीच गोष्ट लक्षात ठेवावी. जितके झटपट वर जावे, तितका शरीराला कमी वेळ मिळतो.

पुष्कळ यात्रेकरू रुमालात कापूर बांधून घेतात आणि हुंगत राहतात. कापराने नाकाला गार वाटते, एवढेच. प्राणवायू काही वाढत नाही.

आजार ओळखावा कसा?

विरळ हवेच्या आजाराची सुरुवात डोकेदुखीने होते. मग जेवण नको वाटते. मळमळते, उलटी होते. चक्कर येते, झोप लागत नाही. एवढे झाले, की तेथेच थांबावे. आणखी वर जाऊ नये. विसाव्याने बरे वाटले, तर ठीक. नाही वाटले, तर खाली उतरावे.

काही खुणा मात्र फार वाईट आहेत. बसल्या जागी धाप लागते. खोकला येतो, थुंकीत फेस दिसतो. ओठ निळे पडतात. माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. भलतेच बोलतो. अशा वेळी क्षणभरही थांबू नये. रात्र असो की पाऊस असो, त्याला ताबडतोब खाली न्यावे. घोडा करावा, पाठीवर नेणारा माणूस करावा, पण खाली न्यावे. वाटेत दवाखाना, सैनिक किंवा पोलीस दिसले, की मदत मागावी. नळकांड्यातला प्राणवायू मिळाला तर द्यावा, पण त्याच्या भरवशावर वर थांबू नये. या आजाराचे खरे औषध म्हणजे उतरणे. हजार-दोन हजार फूट खाली आले, तरी पुष्कळांना आराम पडू लागतो. आजारी माणसाला एकट्याला मात्र कधीही खाली धाडू नये.

समजा, असे झाले

समजा, एका गावचे दहा-बारा जण हेमकुंडाला निघाले. त्यांत एक आबा आहेत. साठी उलटलेली, पण अंगाने काटक. बरोबर त्यांची सून आहे. घांघरियाला रात्री आबा जेवले नाहीत. "प्रवासाचा शीण आहे," म्हणाले. सकाळी डोके धरून उठले. तरी निघाले. तीन किलोमीटर झाल्यावर त्यांचे पाऊल वाकडे पडू लागले.

सून म्हणाली, "मामंजी, आपण परत फिरू."

आबा म्हणाले, "पोरी, आता तीनच किलोमीटर राहिलंय. एवढे पैसे घातले, एवढ्या लांब आलो. गावात काय तोंड दाखवू?"

"मामंजी, तुमचं पाऊल सरळ पडत नाही. आम्ही वर्गात वाचलंय. अशानं माणूस जातो."

बाकीची मंडळी काय म्हणतील? कोणी म्हणेल, "देवाच्या दारी जाताना काही होत नाही." कोणी म्हणेल, "थोडं बसा, लिंबू चोखा, मग निघू." आबांची लाज आणि मंडळींचा आग्रह, या दोन गोष्टींनीच अशा वेळी माणसाचा घात होतो.

अशा वेळी सुनेचेच ऐकावे. एकाने आबांना आधार द्यावा, दोघांनी बरोबर उतरावे. बाकीच्यांनी तळ्याचे पाणी बाटलीत भरून आणावे. आबा घांघरियाला येऊन, आणि जरूर पडली तर आणखी खाली जाऊन, बरे होतील. पुढच्या वर्षी सावकाश येतील. तळे कोठे पळून जात नाही. आबा मात्र एकदा गेले, तर परत येणार नाहीत.

वाटेवर आणि काठावर

पहाटे पाच-सहालाच निघावे. दुपारनंतर ढग भरून येतात. तळ्यावर रात्री राहू देत नाहीत. दुपारी दोनच्या सुमारास सर्वांना खाली उतरायला लावतात. म्हणून उशिरा निघालेल्याने घाई करून वर पोचण्याचा हट्ट धरू नये.

पायांत वहाण नको. तळ न घसरणारे बूट हवेत. हातात काठी असावी. अंगात लोकर असावी. सुती कपडा भिजला, की अंगाची ऊब ओढून घेतो. लोकर भिजली तरी ऊब राखते. आपल्या धनगरांचे घोंगडे पावसात का उपयोगी पडते, ते आता कळले असेल. पाऊस अडवणारा कागद किंवा कोट जवळ असावा. समोरून घोडा आला, की डोंगराच्या अंगाला उभे राहावे. दरीच्या अंगाला कधी राहू नये. घोड्याचा धक्का लागला, तर सावरायला जागा उरत नाही.

तळ्याचे पाणी बर्फाचेच. जूनमध्ये त्यावर बर्फाचे तुकडे तरंगतात. धडधाकट माणसे एक बुडी मारून पटकन बाहेर येतात. म्हाताऱ्यांनी, लहान मुलांनी आणि हृदयाचा आजार असलेल्यांनी तसे करू नये. एकदम गार पाण्यात शिरल्याने हृदयावर ताण पडतो. ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले, तरी पुरे. मग लंगरात गरम चहा आणि खिचडी घ्यावी. थोडे बसावे. तळ्यात उलटी पडलेली शिखरे पाहावीत आणि उतरू लागावे. उतरतानाही पाय जपून टाकावा. दमलेला पाय उतारावर घसरतो.

आपला कचरा आपल्याबरोबर

या तळ्यातून एक ओढा निघतो. तो खाली लक्ष्मणगंगेला मिळतो. लक्ष्मणगंगा गोविंदघाटला अलकनंदेला मिळते. अलकनंदा देवप्रयागला भागीरथीला भेटते, आणि तेथून पुढे तिलाच गंगा म्हणतात. म्हणजे आपण तळ्याकाठी टाकलेली पिशवी गंगेत जाते. ज्या गंगेचे पाणी आपण तांब्यात भरून घरी देव्हाऱ्यात ठेवतो, तिच्यातच आपण घाण केली असे होते. थंडीमुळे वरती काही लवकर कुजतही नाही. म्हणून रिकामी बाटली, पिशवी, पुडीचा कागद, सारे परत आणावे. वर नेताना भरलेली बाटली जड असते. उतरताना ती रिकामी असते. तिचे ओझे ते काय?

कळसाचे दर्शन

शेवटी एकच सांगणे आहे. पंढरीला गर्दीत आत जाता आले नाही, तर आपले वारकरी काय करतात? कळसाला हात जोडतात. कळस पाहिला, दर्शन घडले, असे मानतात. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

डोंगराची वाटही अशीच चालावी. अंगात त्राण असेल तर तळ्यापर्यंत जावे. डोके दुखू लागले, पाय लटपटू लागले, तर जेथे असू तेथून शिखराला हात जोडावे आणि माघारी फिरावे. तळे पाहून आलेला माणूस आणि अर्ध्या वाटेवरून शहाणपणाने परतलेला माणूस, दोघेही घरी पोचतात. घरची माणसे त्यांचीच वाट पाहत असतात.